लेसरचा ठिपका आणि गोळीची वाट

बंदुकीतून सुटलेली गोळी काही अंतर अगदी सरळ रेषेत जाते आणि जोर ओसरला म्हणजे खाली येऊ लागते, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक तसे घडत नाही. नळीच्या तोंडातून बाहेर पडताक्षणीच पृथ्वी गोळीला खाली ओढू लागते. हातातून निसटलेला दगड ज्या नियमाने जमिनीवर येतो, त्याच नियमाने सेकंदाला ८०० मीटर वेगाने धावणारी गोळीही खाली येत असते. तिचा वेग प्रचंड असल्यामुळे अल्पकाळात ती पुष्कळ अंतर तोडते आणि तिचे पडणे नजरेस येत नाही, इतकेच. रायफलीचा नेम जुळविण्याचा बराचसा खटाटोप या एका साध्या गोष्टीमुळे करावा लागतो. त्या कामासाठी लेसरचे जे उपकरण प्रचारात आले आहे, त्याचा उपयोग कोठवर होतो आणि कोठे संपतो, हेही बहुतांशी याच गोष्टीवरून ठरते.

रायफलीच्या बाबतीत तीन रेषा ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली रेषा नळीच्या पोकळीच्या बरोबर मध्यातून जाणारी. हिला नळीचा अक्ष म्हणता येईल. दुसरी, नेम धरणाऱ्याच्या डोळ्यापासून निघून मागची फट आणि पुढची माशी यांवरून, अथवा दुर्बिणीतील फुलीवरून, लक्ष्यापर्यंत जाणारी दृष्टिरेषा. तिसरी म्हणजे गोळीची प्रत्यक्ष वाट. यांपैकी पहिल्या दोन सरळ आहेत, तिसरी वक्र आहे. दुर्बीण नळीच्या वर बसविलेली असते. तिचा मध्य नळीच्या मध्यापासून साधारणपणे ४ सेंटिमीटर उंच असतो. दुर्बीण आणि नळी एकमेकींना अगदी समांतर ठेवल्या, तर गोळी निघतानाच दृष्टिरेषेच्या ४ सेंटिमीटर खाली असते आणि पुढे अधिकाधिक खाली जात राहते. ती दृष्टिरेषेला कधीच मिळत नाही. म्हणून दृष्टिरेषेच्या मानाने नळीचे तोंड किंचित वर रोखलेले ठेवतात. मग गोळी खालून येते, दृष्टिरेषेपर्यंत चढते आणि ठरलेल्या अंतरावर नेमक्या त्या रेषेवर असते. ही जुळणी करण्याच्या कामाला सैन्यात आणि नेमबाजांत ‘झिरोइंग’ असे नाव आहे. बेळगावचे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असो की इंदूरजवळच्या महूचे पायदळ विद्यालय असो, रायफल हाती घेणाऱ्या जवानाची या शब्दाशी लवकरच ओळख होते.

या कामात किती सूक्ष्म मोजमापे असतात, हे एकदोन आकड्यांवरून दिसून येईल. एका अंशाचे ६० भाग केले म्हणजे एक कला होते. नळी एका कलेने हलली, तर १०० मीटरवर गोळी सुमारे ३ सेंटिमीटर सरकते. दुर्बिणीवर दोन फिरक्या असतात. एक फुलीला वरखाली करते, दुसरी डावीउजवीकडे. पुष्कळ दुर्बिणींत फिरकीचा एक टक्‌ आवाज म्हणजे पाव कला, अर्थात १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर. आता नवी दुर्बीण रायफलीवर प्रथमच चढविली आणि ती अवघी अर्धा अंश तिरपी बसली, असे समजा. डोळ्यांना हा तिरपेपणा सहसा जाणवणारही नाही. परंतु १०० मीटरवर गोळी लक्ष्यापासून ८७ सेंटिमीटर दूर जाईल आणि निशाणाच्या कागदाला स्पर्शही करणार नाही. गोळी वर गेली की खाली, डावीकडे गेली की उजवीकडे, हे कळावयास मार्ग उरत नाही. फिरकी कोणत्या दिशेने फिरवावी याचा अंदाज नसल्यामुळे काडतुसांमागून काडतुसे खर्ची पडतात. शिवाय गोळी नेमकी कोठे जात आहे हे ठाऊक नसताना गोळीबार करणे धोक्याचे असते, कारण लक्ष्यामागचा मातीचा बांध कितीही मोठा असला, तरी त्यालाही काठ असतोच.

म्हणून पहिली गोळी झाडण्यापूर्वीच नळी आणि दुर्बीण यांची ढोबळ जुळणी करून घेण्याची चाल जुनी आहे. ज्या रायफलीचा बोल्ट मागून सबंध काढता येतो, तिच्या बाबतीत ही रीत अगदी सोपी आहे. बोल्ट काढून ठेवावा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट बसवावी आणि नळीच्या मागच्या तोंडातून पाहून दूरचे निशाण पोकळीच्या मधोमध आणावे. मग रायफलीला धक्का न लावता दुर्बिणीतून पाहावे आणि फिरक्या फिरवून फुली त्याच निशाणावर आणावी. तोफखान्यातही हाच मार्ग चालत आला आहे. तोफेच्या तोंडावर दोन दोरे एकमेकांना छेदतील असे आडवे-उभे चिकटवितात आणि मागून बारीक छिद्रातून पाहून त्यांची फुली दूरच्या खुणेवर आणतात. परंतु ज्या रायफलींच्या मागून नळीत पाहण्याची सोयच नसते, उदाहरणार्थ कित्येक स्वयंचलित आणि लिव्हरच्या रायफली, त्यांना ही युक्ती लागू पडत नाही. त्यांच्यासाठी नळीच्या तोंडाशी बसविण्याचे भिंगाचे एक उपकरण निघाले. त्यातील आखलेल्या चौकटीवर दुर्बिणीची फुली जुळवीत असत. लेसरचे उपकरण हे याच परंपरेतील पुढचे पाऊल आहे.

लेसरच्या मुळाशी असलेले तत्त्व आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडले होते. प्रत्यक्ष लेसर चालवून दाखविला तो थिओडोर मेमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने, मे १९६० मध्ये, माणकाच्या कांडीच्या साहाय्याने. १९६२ मध्ये अर्धवाहक पदार्थापासून लेसर तयार झाला आणि पुढील काही दशकांत तो इतका लहान व स्वस्त होत गेला, की बोटाएवढ्या नळकांड्यात लेसर आणि त्याची बॅटरी या दोन्ही वस्तू मावू लागल्या. साध्या विजेरीचा प्रकाश पसरत जातो. लेसरचा किरण फारच थोडा पसरतो आणि दूरच्या भिंतीवरही त्याचा लहानसा ठिपका उमटतो. हा किरण नळीच्या अक्षावर बसविता आला, तर आजवर ज्या रेषेची केवळ कल्पना करावी लागत असे, तिचे टोक डोळ्यांना दिसू लागते. या उपकरणाला इंग्रजी नावावरून ‘लेसर बोअरसाइटर’ म्हणतात.

ही उपकरणे मुख्यतः दोन तऱ्हेची असतात. एक काडतुसाच्या आकाराचे असते. ज्या मापाची रायफल, त्याच मापाचे हे पितळी काडतूस. त्यात दारू आणि गोळी यांच्या जागी लेसर बसविलेला असतो. ते काडतुसाच्या घरात सारले म्हणजे किरण नळीतून आरपार बाहेर पडतो. दुसऱ्या तऱ्हेचे उपकरण नळीच्या तोंडाशी बसते. काहींचा दांडा तोंडातून आत सारावा लागतो, तर काही लोहचुंबकाने तोंडाला चिकटतात. किरण लाल अथवा हिरवा असतो. मानवी डोळ्याला ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश सर्वांत तेजस्वी भासतो. हिरव्या लेसरची तरंगलांबी त्याच्या जवळपास, ५२० ते ५३२ नॅनोमीटर असते. लाल लेसरची ६३५ ते ६५० असते. त्यामुळे तेवढ्याच शक्तीचा हिरवा ठिपका दिवसाउजेडी अधिक स्पष्ट दिसतो.

कामाची रीत अशी. प्रथम रायफल पूर्ण रिकामी करावयाची, आणि ती रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहून व बोटाने चाचपून निश्चित करावयाचे. खरी काडतुसे त्या जागेवरून दूर नेऊन ठेवावयाची. मग रायफल भक्कम टेकूवर बसवून २५ मीटरवरच्या कागदावर किरण टाकावयाचा. रायफल हलू न देता दुर्बिणीतून पाहावयाचे आणि फुली ठिपक्याजवळ आणावयाची. साऱ्या कामाला दहा मिनिटे पुरतात आणि एकही गोळी खर्च होत नाही. येथपर्यंत उपकरणाचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे.

परंतु याच ठिकाणी पुष्कळांची गफलत होते. ठिपका आणि फुली एकत्र आली म्हणजे रायफल जुळली, असे ते मानतात. ठिपका गोळीची वाट दाखवीत नाही. तो नळीचा अक्ष दाखवितो. या दोहोंत किती अंतर पडते, हे हिशेबाने पाहता येते. ७.६२ मिलिमीटर मापाची एक नेहमीची रायफल घ्या. तिच्या गोळीचा वेग सेकंदाला ८०० मीटर आहे आणि दुर्बीण नळीच्या ४ सेंटिमीटर वर आहे. अशी गोळी २५ मीटर जाईपर्यंत नळीच्या अक्षापासून जेमतेम अर्धा सेंटिमीटर खाली येते. १०० मीटर जाईपर्यंत सुमारे ८ सेंटिमीटर खाली येते. आता २५ मीटरवर फुली बरोबर ठिपक्यावर आणली, तर नळीचा अक्ष तेवढ्या अंतरात ४ सेंटिमीटर चढला. त्याच चढाने तो १०० मीटरवर दृष्टिरेषेच्या १२ सेंटिमीटर वर जाईल. त्यातून गोळीचे ८ सेंटिमीटर पडणे वजा केले, म्हणजे गोळी लक्ष्याच्या ४ सेंटिमीटर वर लागेल. उलट १०० मीटरवर फुली ठिपक्यावर आणली, तर गोळी ८ सेंटिमीटर खाली लागेल. या रायफलीची गोळी १०० मीटरवर मध्यावर लागावी अशी इच्छा असेल, तर २५ मीटरवर ठिपका फुलीच्या १ सेंटिमीटर खाली ठेवावा लागेल. मूठभर आकड्यांचे हे गणित न करता केवळ ठिपक्यावर भिस्त ठेवणारा मनुष्य उपकरण चांगले असूनही चुकतो.

संथ गोळीच्या बाबतीत ही तफावत फारच वाढते. ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल स्पर्धेत पॉइंट टू-टू मापाची लहान गोळी वापरतात. तिचा वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर असतो आणि ५० मीटर जाईपर्यंत ती नळीच्या अक्षापासून सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. या स्पर्धेच्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे, आणि एका गुणाचे सर्वांत बाहेरचे वर्तुळ १५४.४ मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे लक्ष्याच्या मध्यापासून शेवटच्या कडेपर्यंतचे अंतर पावणेआठ सेंटिमीटरही नाही. केवळ ठिपक्यावर विसंबून ५० मीटरवर नेम जुळविला, तर गोळी सगळी वर्तुळे सोडून खाली जाईल आणि एकही गुण पदरात पडणार नाही.

खुद्द उपकरणातही दोष असू शकतो. काडतुसाचे घर काडतुसापेक्षा किंचित सैल ठेवलेले असते. नाही तर गरम झालेल्या रायफलीत काडतूस अडकून बसेल. या सैलपणामुळे ५० मिलिमीटर लांबीचे लेसर-काडतूस एका टोकाला एकदशांश मिलिमीटरने कलले, तर किरण २५ मीटरवर ५ सेंटिमीटर आणि १०० मीटरवर २० सेंटिमीटर भलतीकडे जातो. एकदशांश मिलिमीटर म्हणजे साध्या कागदाची जाडी! याशिवाय नळकांड्यात लेसरच तिरपा बसविलेला असू शकतो. हा दुसरा दोष ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. उपकरण जागच्या जागी हळूहळू एक फेरा फिरवावे आणि भिंतीवरचा ठिपका पाहावा. ठिपका स्थिर राहिला तर लेसर सरळ आहे. ठिपक्याने वर्तुळ काढले तर तो तिरपा आहे, आणि नळीचा अक्ष त्या वर्तुळाच्या मध्याशी आहे असे समजावे. गवंडी आपली पाणसळ उलटसुलट ठेवून तिची परीक्षा करतो, त्यातलाच हा प्रकार होय.

याहून अधिक विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. लेसर ज्या नळीतून जातो ती स्वस्थ, थंड आणि निश्चल असते; गोळी ज्या नळीतून जाते ती तशी नसते. दारू पेटल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंत एक-दीड सहस्रांश सेकंद जातो. तेवढ्या अवधीत नळी छेडलेल्या तारेसारखी कंप पावते आणि मागच्या धक्क्याने रायफल हलू लागलेली असते. गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळीचे तोंड ज्या दिशेला असेल, ती दिशा निश्चल नळीच्या दिशेहून थोडी वेगळी असते. दारूचे प्रमाण अथवा गोळीचे वजन बदलले की हा फरकही बदलतो. त्यामुळे एका जातीच्या काडतुसाने जुळविलेली रायफल दुसऱ्या जातीच्या काडतुसाने वेगळ्या ठिकाणी मारते. रशियातील १८९१ सालच्या मोझिन-नागां रायफलीची जुळणी संगीन चढवूनच करीत असत. संगीन काढली की गोळीची जागा बदले. नळीच्या टोकाला लटकलेले एवढेसे वजन गोळीची वाट बदलते. लेसरला मात्र संगीन, दारू अथवा धक्का यांपैकी कशाचीही दखल घेता येत नाही. प्रकाशाला वजन नाही, म्हणून तो सरळ जातो. आणि तो सरळ जातो म्हणूनच तो गोळीची बातमी देऊ शकत नाही.

तेव्हा शेवटचा निवाडा निशाणाच्या कागदावरच व्हावयाचा. लेसरने जुळणी झाल्यावर प्रथम २५ मीटरवर एक-दोन गोळ्या झाडून पाहतात. मग १०० मीटरवर तीन अथवा पाच गोळ्या सावकाश, नळी निवू देत, एकाच बिंदूवर नेम धरून झाडतात. एकाच भोकावरून फिरकी फिरवू लागणे हा उतावळेपणा होय, कारण कोणतीही रायफल लागोपाठच्या गोळ्या अगदी एकाच जागी मारीत नाही. सर्व भोकांचा मध्य काढावयाचा, तो लक्ष्याच्या मध्यापासून किती दूर आहे हे मोजावयाचे आणि तेवढेच टक्‌ फिरकीला द्यावयाचे. पुन्हा तितक्याच गोळ्या झाडून खात्री करून घ्यावयाची. ज्या काडतुसांनी पुढे काम करावयाचे, तीच काडतुसे या परीक्षेला वापरावयाची. कागदावरची भोके म्हणजे ‘हा सूर्य आणि हा जयद्रथ’. तेथे तर्काला जागा राहत नाही.

जगातील श्रेष्ठ नेमबाजही या परीक्षेपासून सुटलेले नाहीत. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसळे यांनी ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. या प्रकारात भारताला मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन स्थितींत ही स्पर्धा होते. गुणांच्या गोळ्या सुरू होण्यापूर्वी प्रत्येक स्पर्धकाला जुळणीच्या गोळ्या झाडण्यासाठी वेळ दिला जातो. स्थिती बदलली म्हणजे रायफल खांद्याला वेगळ्या तऱ्हेने भिडते, धक्का वेगळ्या तऱ्हेने बसतो. म्हणून अशा बदलानंतरही पुन्हा जुळणी पाहण्याची मुभा असते. ज्यांची रायफल वर्षानुवर्षे हातात मुरलेली असते, तेसुद्धा त्या दिवसाची हवा, वारा आणि उजेड यांची विचारपूस गोळी झाडूनच करतात.

शिकारीच्या संदर्भात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये काही अपवाद सोडता शिकारीला बंदी आहे. परंतु अमेरिका आणि युरोप येथील पुष्कळ प्रदेशांत ठराविक हंगामात परवान्याने शिकार चालते, आणि तेथे हंगामाच्या तोंडावर लेसरचे हे उपकरण पुष्कळ जण वापरतात. घरातील भिंतीवर ठिपका आणि फुली जुळली एवढ्या समाधानावर जो शिकारी रानात जातो, त्याच्या काही सेंटिमीटरांच्या चुकीची किंमत जनावराला भोगावी लागते. मर्मावर न लागलेली गोळी घेऊन ते झाडीत शिरते आणि तासन्‌तास तडफडते. म्हणूनच जबाबदार शिकारी हंगामापूर्वी प्रत्यक्ष गोळी झाडून परीक्षा घेणे हे आपले कर्तव्य मानतात.

उपकरण वापरताना घ्यावयाची खबरदारीही तितकीच महत्त्वाची आहे. लेसरचा किरण डोळ्यात जाऊ देऊ नये. आरसा, काच अथवा चकचकीत पत्रा यांवरून परतून आलेला किरणही तसाच अपायकारक ठरू शकतो. त्याहून मोठा धोका विसरभोळेपणाचा आहे. नळीच्या तोंडात सारलेला दांडा काढावयाचा राहिला आणि तशीच गोळी झाडली गेली, तर कोंडलेल्या वायूला वाट मिळत नाही. नळी फुटते आणि तिचे तुकडे झाडणाऱ्याच्या व शेजाऱ्याच्या अंगात घुसतात. यासाठी उपकरण काढून डबीत ठेवले, डबी डोळ्यांनी पाहिली आणि नळी आरपार मोकळी आहे हे तपासले, असे झाल्याखेरीज खऱ्या काडतुसांच्या पेटीला हात लावू नये, असा अनुभवी मंडळींचा दंडक असतो.

एवढे ध्यानात ठेवले, तर लेसरचे हे लहानसे उपकरण फार उपयोगी आहे. ज्या कामाला पूर्वी काडतुसांची अख्खी पेटी लागण्याचा संभव असे, ते आठ-दहा गोळ्यांत आटोपते. काडतुसांचा पैसा वाचतो, नळीची झीज टळते आणि पहिलीच गोळी भलतीकडे जाण्याची धास्ती बरीचशी कमी होते. दुर्बीण काढून पुन्हा चढविली, प्रवासात रायफलीला धक्का बसला, अथवा नेम एकाएकी चुकू लागला, तर काही मोठा बिघाड झाला आहे काय हेही ते घरबसल्या सांगते. ते नेमबाजाला निशाणाच्या कागदापर्यंत आणून सोडते. तेथून पुढचे थोडेसे अंतर मात्र गोळीनेच तोडावयाचे असते, आणि ती कोठे लागली हे कागदाजवळ जाऊन पाहावयाचे असते.